दुसरा ठिपका

वैशाखातल्या दुपारी चारच्या सुमारास लालबागच्या आमच्या गल्लीत दोन वास एकमेकांत मिसळतात. पहिला भाजलेल्या मिरचीचा, धण्यांचा आणि दगडफुलाचा. कारण रस्त्यापलीकडे मसाला कुटायचे डंक सकाळपासून धडधडत असतात आणि वर्षभराची बेगमी करायला आलेल्या बायका नाकाला पदर, ओढणी, जे असेल ते लावून आपल्या पाळीची वाट पाहत असतात. दुसरा वास स्पिरिट आणि नायट्रिक आम्ल यांच्या पातळ मिश्रणाचा, किंचित गोडसर, किंचित डोळ्यांना झोंबणारा. तो आमच्या प्रयोगशाळेतला. आरशासारख्या घासलेल्या पोलादाच्या तुकड्यावर त्या मिश्रणाचे थेंब सोडले की काही क्षणांत त्याची चकाकी धुरकटते, आणि मग तो धुऊन, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पोलाद आपलं अंतरंग उघडं करतं. गेली चोवीस वर्षं मी हेच काम करते आहे, तरी भिंगाला डोळा लावण्याआधीच्या त्या क्षणी माझा श्वास अजूनही किंचित अडतो. त्या दुपारी तो अडला आणि बराच वेळ मोकळा झालाच नाही.

पोलाद बाहेरून एकसंध दिसतं, पण ते त्याचं सोंग आहे. आत ते कणांचं बनलेलं असतं. वेड्यावाकड्या कडांचे, एकमेकांना खेटून बसलेले, काही शुभ्र, काही काळसर असे कण, आणि दोन कणांच्या मध्ये एक बारीक सीमारेषा. डिलाईल रोडच्या ज्या चाळीत मी जन्मले आणि आजही राहते, तिच्या एकेका मजल्याचा नकाशा वरून काढला तर तो साधारण असाच दिसेल. भिंतीला भिंत, खोलीला खोली. एखादा तडा पोलादात शिरला की त्याला प्रत्येक सीमेवर थबकावं लागतं, दिशा बदलावी लागते, नव्याने जोर लावावा लागतो. कण जितके बारीक तितक्या भिंती जास्त, आणि भिंती जितक्या जास्त तितका तड्याचा जीव मेटाकुटीला येतो. पोलादाची ताकद वाढवण्याचे इतरही उपाय आहेत, पण बहुतेकांत ताकदीच्या जोडीने ठिसूळपणाही पदरात पडतो. कण बारीक करणं हा उपाय वेगळा, कारण त्यात पोलाद बळकटही होतं आणि चिवटही. आमच्या चाळीच्या आसपास उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांच्या जाहिरातींत ऐसपैस दिवाणखान्यांची वर्णनं वाचताना माझ्या मनात हटकून हाच विचार येतो, आणि मी तो कुणापुढे बोलून दाखवला की लोक हसतात.

कण बारीक करायचे कसे, तर तापवून आणि चेचून. भट्टीतून काढलेलं, रसरसलेलं पोलाद घणाखाली आलं की त्याचे जुने, थोराड कण चपटे होतात, ताणले जातात, आतून तणावाने भरून जातात. पण अंगात पुरेशी उष्णता असते म्हणून त्या चेचलेल्या कणांच्या काठाकाठाने नवे, ताजे, बारीक कण जन्म घेतात. पुढचा घाव या नव्या कणांवर पडतो आणि त्यांच्या काठावर आणखी नवे. हे सगळं घडून जायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही. पुस्तकातलं हे प्रकरण मी वाचलं त्याच्या कितीतरी आधी ते माझ्या वडलांच्या हातांतून पाहिलं होतं. बाबा सोळाव्या वर्षी मालवणजवळच्या गावातून आले आणि रे रोडच्या एका शेडमध्ये लागले. आधी भट्टीवर, मग सांडशी धरायला, मग पॉवर हॅमरवर. आज ते अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि अजून तिथेच आहेत. शिकत असताना मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला पहिला तुकडा त्यांनीच घडवलेल्या एका हुकाचा होता. त्याचं छायाचित्र आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्यात कण इतके बारीक आणि एकसारखे की आमच्या सरांनी ते वर्गात फिरवलं होतं. मी ते घरी दाखवलं तेव्हा बाबांनी ते दिव्याजवळ नेऊन पुष्कळ वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं होतं, “ह्यां मी केलंय?”

त्या दुपारी भिंगाखाली होता तोही एक हूकच. कुठल्याशा गोदामात जड माल उचलणाऱ्या यारीला लावायच्या आठ हुकांपैकी एक, तपासणीसाठी कापलेला. आमच्याकडे नमुने येतात ते आकडे टाकून, नावं नसतात. पण हुकाच्या मानेवर पोगराने, म्हणजे खिळ्यासारख्या टोकदार अवजाराने, मारलेला एक ठिपका होता, आणि तो ठिपका मी जगात कुठेही ओळखला असता. इतर कारागीर आपल्या नावाची अक्षरं ठोकतात. बाबांचं म्हणणं, नाव कशाला, ज्याला कळायचं त्याला ठिपक्यावरून कळतं. मी हसतच भिंगाला डोळा लावला होता. आत मात्र बारीक कणांची ती जुनी दाटी नव्हती. मोठाले, सुस्तावलेले कण फरश्यांसारखे पसरले होते आणि त्यांच्या कडांपासून पांढऱ्या सुया आत घुसल्या होत्या. हे चिन्ह प्रत्येक धातुतपासनीस ओळखतो. पोलाद फार तापलं, फार वेळ तापलं, आणि त्यानंतर त्याच्यावर घण पडला नाही, की मोठे कण लहानांना गिळत जातात.

ओढून तोडण्याच्या चाचणीत तो उत्तीर्ण झाला होता. मला मात्र राहवलं नाही. उरलेल्या भागातून एक तुकडा कापून मी तो झुलत्या हातोड्याखाली फोडला. चिवट पोलाद तुटताना फाटल्यासारखं तुटतं, तुटलेली बाजू करडी आणि तंतुमय दिसते. हा तुकडा मात्र एका फटक्यात सरळ दुभंगला आणि तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकत होती. असा हूक वर्षभर काही बोलणार नाही, आणि एके दिवशी ओझं झटक्याने उचललं गेलं की खाली कोण उभं आहे हे न बघता तुटेल.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रधान सर हे अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत, आणि त्या दिवशी मला त्यांच्या सज्जनपणाचाच राग आला. मी आधीच सांगून टाकलं की हे माझ्या वडलांचं काम आहे, तेव्हा अहवालावर माझी सही नको. त्यांनी स्वतः भिंगातून पाहिलं, चष्मा पुसला, दार लोटलं. शेडचा तरुण शेठ घण बंद करून बाहेरून तयार माल आणायच्या विचारात आहे, हे त्यांच्या कानावर होतं. नापास अहवाल हातात पडला की त्याला निमित्तच मिळणार आणि अडुसष्ट वर्षांचा एक कारागीर बदनाम होऊन घरी बसणार, हेही ते जाणून होते. मागणीपत्रात कणांच्या मापाची अट शेवटच्या ओळीत आहे, ती कुणी वाचत नाही, असं ते मृदू आवाजात म्हणाले. सही मी करतो, तुम्ही हे विसरून जा.

“सही तुम्हीच करा, सर,” मी म्हटलं. “पण आत जे दिसतंय ते लिहून करा.”

त्यांनी सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. मी बाहेर आले तेव्हा पलीकडे डंक धडधडत होते आणि माझे डोळे भरून आले होते. मिरचीमुळे, असं मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सांगितलं.

इथे मला एक भांडण मिटवायचं आहे, जे पोलादापेक्षा जुनं आहे. घाव सोसले की माणूस घडतो, असं आपल्याकडे मोठ्या प्रेमाने सांगतात. आणि सांगणारा बहुधा घाव घालणाऱ्याच्या बाजूचा असतो. लग्नानंतर तीन वर्षांनी मी नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हा माझ्या काकूने माझा हात हातात घेऊन हेच सांगितलं होतं. सोस, घडशील. मला धातुशास्त्र येत नसतं तर कदाचित मी ते ऐकलंही असतं. पण थंड लोखंडावर घण घातला तर काय होतं ते मी हजारदा पाहिलं आहे. कण चेपले जातात, ताठरतात, नवे जन्मत नाहीत. वरून वस्तू कडक होते आणि आतून तुटायच्या तयारीला लागते. घाव कुणालाही घडवत नाहीत. ऊब असेल तर घावातून नवं काही जन्मतं, ऊब नसेल तर घाव हा नुसता घाव असतो, आणि त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी एकदा भिंगातून पाहावं. तशीच नुसती ऊबही पुरेशी नाही, हे मला त्या दिवशी खडीसाखरेसारख्या चमकणाऱ्या तुकड्याने बजावलं. भट्टीतून वेळेवर बाहेर काढणारंही कुणीतरी लागतं.

त्या परतीच्या दिवसाची एक गोष्ट मी बाबांना पुष्कळ वर्षं माफ केली नव्हती. मी बॅग घेऊन जिना चढले तेव्हा आईने मला पटकन आत ओढलं होतं. चार दिवस माहेरपणाला आली आहे म्हणून सांगू, असं ती पुटपुटत होती. बाबा मात्र सरळ गॅलरीत गेले आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माजा चेडू परत इला. आता हयच रवतला.” मुलगी कायमची परत आली हे कळताच दारादारांतून माना बाहेर आल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी नीट बोलले नव्हते.

प्रयोगशाळेतून त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा कॉटखाली पेंढ्यात घातलेल्या आंब्यांच्या आढीचा दरवळ खोलीभर पसरला होता. गावाहून पेट्या आल्या की त्यातले पिकलेले, अर्धे पिकलेले आणि हिरवे वेगळे करायचं काम बाबांचं. त्यात ते कुणाला हात लावू देत नाहीत. आईने त्यांनी पिकलेल्यात ठेवलेला एक आंबा कापला तो आतून पांढराफटक निघाला. यंदा तिसऱ्यांदा असं झालं, म्हणत तिने तो लोणच्याकडे वळवला. मी जेवणं होईपर्यंत थांबले. मग जे पाहिलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. बाबांनी ताट बाजूला सारलं.

“तू माज्या हातात खोट काढतंस?”

मी म्हटलं, खोट हातात नाही, पोलादात आहे. ते उठले, आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. शेडमध्ये बावन्न वर्षं घालवलेल्या माणसाची पाठ बोलते. मला त्यांच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांचा असा राग आला की मी ताठ उभं राहून सांगितलं, उद्या मी तुमच्याबरोबर शेडवर येणार आहे. एक हूक माझ्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवा, आणि चूक माझी निघाली तर मी तुमची माफी मागेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रे रोडला उतरलो. लाकडाच्या वखारींतून ओल्या सागाच्या भुशाचा वास येत होता, त्यात गंजाचा आणि ओहोटीच्या चिखलाचा; लहानपणी बाबा घरी आले की त्यांच्या शर्टाला हाच वास असायचा. शेडमध्ये पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या. प्रयोगशाळेतून मी तापमान मोजायचं, दुरून नेम धरायचं, पिस्तुलासारखं यंत्र आणलं होतं. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि भट्टी पेटवली.

बाबांची तापमानं फळांची आहेत. घणाखाली घ्यायचं पोलाद आमरसाच्या रंगाचं हवं. त्याच्या वर गेलं तर जळतं, फार खाली आलं तर फाटतं. त्या सकाळी त्यांनी रागाच्या भरात जो हूक घडवला तो पाहायला जुन्या कारागिरांनी हातातलं काम सोडून यायला हवं होतं. सांडशीत धरलेला लोखंडाचा ठोकळा घणाखाली फिरत होता, लांबत होता, वळत होता, पोलादावरच्या जळक्या खपल्या ठिणग्यांसारख्या उडत होत्या, आणि प्रत्येक घावानंतर बाबांचा डावा हात केसभर सरकून पुढच्या घावाला जागा करून देत होता. पोलाद जरा थंडावलं की ते त्यांना मनगटात कळत होतं; रंगाकडे न पाहताच ते तुकडा पुन्हा भट्टीत सारत होते. मी जाणीवपूर्वक खोट शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती.

मग आलं तोंड धुणं. या शेडची ही जुनी पद्धत. घडवून झालेला हूक थंड झाला की तो गिऱ्हाइकाकडे धाडण्याआधी पुन्हा एकदा भट्टीत घालायचा, कोकमाच्या रंगाइतकाच लाल करायचा, बाहेर काढून खपली झाडायची आणि वाऱ्याचा झोत न लावता टांगून ठेवायचा. पाहुण्याकडे जाताना तोंड धुऊन जावं तसं, असं बाबांच्या उस्तादांनी सांगितलं होतं. मी शिकायला लागल्यावर मला कळलं की ही नुसती साफसफाई नाही. त्या बेताच्या लाल उष्णतेत पोलादाचे कण पुन्हा एकदा नव्याने, बारीक होऊन जन्मतात. पुस्तकाला जे सांगायला चार पानं लागतात ते या शेडने दोन शब्दांत बसवलं होतं. माझ्या काचेखालच्या छायाचित्राचं अर्धं श्रेय या तोंड धुण्याचं आहे.

हूक थंड झाल्यावर बाबांनी त्याच्या मानेवर ठिपका मारला आणि तो भट्टीत गेला. बाबा दारासमोर उभे राहिले. हूक काळ्याचा तांबूस झाला, तांबूस होता तो कोकमासारखा लाल झाला, आणि मी मनात म्हटलं, आता. बाबा हलले नाहीत. कोकमाचा रंग उजळत गेला, केशरी झाला. माझ्या यंत्रावरचा आकडा चढत होता. हूक पार आमरसाच्या रंगाला पोचला तेव्हा कुठे त्यांनी सांडशी आत घातली, तो बाहेर काढून माझ्यासमोर धरला आणि विजयी आवाजात म्हणाले, “बघ. ह्यो कोकमाचो रंग. खय चुकलंय?”

मला एका क्षणात सगळं कळलं. आढीत पिकलेल्यांत गेलेले हिरवे आंबे, भिंगातल्या फरश्या. घणाखाली त्यांचा हात पोलादाशी बोलत होता, म्हणून तिथे चूक होत नव्हती. तोंड धुताना मात्र घाव नाही, मनगटाला काही कळत नाही. तिथे फक्त डोळे असतात. आणि डोळ्यांवर पडदा आला होता.

“बाबा, तो कोकम नाही,” मी म्हटलं. “आंबा आहे.”

सांडशीतला हूक हळूहळू विझत गेला, केशरी, लाल, तांबूस, आणि शेवटी नुसता काळा. त्यांनी तो खाली ठेवला. मोतीबिंदू असणार, मी सांगत होते, साधी शस्त्रक्रिया असते, दोन दिवसांत घरी. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. डोळे चोळत ते म्हणाले की दिवाळीपासून सगळंच पिवळट आणि मंद दिसतंय. त्यांना वाटलं होतं भट्टीचं तेल बदललं असेल. दिवाळीनंतर यारीच्या हुकांचं हे पहिलंच काम होतं. मग त्यांनी विचारलं, त्या आठांपैकी किती असे. मी म्हटलं, सगळ्यांनी एकत्रच तोंड धुतलं, म्हणजे सगळेच.

मला वाटलं होतं ते खचतील. मी त्यांना धरायला पुढेही झाले, तर ते मला ओलांडून कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडे गेले. त्यांनी तिच्यातून तारेला बांधलेला एक लोहचुंबक काढला, जुन्या भोंग्यातला असतो तसा, काळा आणि वाटोळा. मी माझं यंत्र पुढे केलं. त्यांनी ते हातानेच बाजूला सारलं. लोखंड एका ठरावीक उष्णतेला पोचलं की चुंबकाला विसरतं, हे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षी शिकले. बाबांना ते त्यांच्या उस्तादांनी पावसाळी दिवसांसाठी शिकवलं होतं, जेव्हा शेडमधल्या अंधारात रंग फसवे दिसतात.

“डोळे खोटा बोलतत ना,” ते म्हणाले, “मग ह्याका विचारूया.”

आणि त्यांनी तो मघाचा हूक आणि निकालाची वाट पाहत शेडमध्येच पडून असलेले उरलेले सात, एकेक करून, पुन्हा भट्टीत घातले. हूक बाहेर काढायचा, चुंबक लावायचा. चिकटला, परत आत. पुन्हा बाहेर, पुन्हा चिकटला, परत आत. मग एका खेपेला चुंबक नुसता घसरून लोंबकळला. तेव्हा हूक पुन्हा आत सारून बाबा अर्धा कटिंग चहा पिऊन होईपर्यंत थांबले, कारण चुंबकाला विसरलं तरी पोलादाला अजून थोडी ऊब लागते, आणि मग तो काढून आडव्या दांडीला टांगला, जिथे वारा येत नाही. मीही त्यांचीच मुलगी. त्यांचं लक्ष नसताना मी प्रत्येक वेळी नेम धरून आकडा पाहत होते. एकही चुकला नाही. तिसऱ्या हुकानंतर त्यांनी मागे न वळताच विचारलं, माझं पिस्तूल काय म्हणतंय. मी म्हटलं, हो म्हणतंय.

दुपारी तरुण शेठ आला. मी त्याला पहिला निकाल आणि बाबांनी केलेली दुरुस्ती दोन्ही सांगितलं. तो वाईट माणूस नाही, घाईतला आहे. ठीक झालं ना, मग झालं, असं म्हणून त्याने ग्राइंडरकडे बोट केलं; हे हूक जरा घासून घ्या, मानेवरचे ठिपके काढून टाका, नवे म्हणून पाठवू, पार्टीला कशाला सांगायचं. बाबांनी पोगर आणि हातोडी उचलली. दांडीवरचा पहिला थंड झालेला हूक घेतला, आणि मानेवरच्या जुन्या ठिपक्याशेजारी, बोटाच्या पेराएवढं अंतर सोडून, दुसरा ठिपका मारला.

“एकदा चुकलंय, मगे बरा केलंय,” ते म्हणाले. “दोनय दिसाक व्हयेत.”

शेठने ग्राइंडरकडचं बोट खाली घेतलं. आठही हुकांवर दुसरा ठिपका पडेपर्यंत शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता.

सोमवारी त्यातला एक मी कापला, घासला, आम्लाने धुतला आणि भिंगाखाली ठेवला. कण परत आले होते. काचेखालच्या छायाचित्राइतके नाही, खोटं कशाला बोलू, पण बारीक, दाट, एकमेकांना धरून बसलेले. एक तुकडा हातोड्याखाली फोडला, तर तुटलेली बाजू करडी निघाली, फाटल्यासारखी. प्रधान सरांना इतका आनंद झाला की त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, आता फक्त हा दुसरा निकाल पाठवू. मी अहवाल त्यांच्यासमोर ठेवला. त्यात तीन ओळी होत्या. पहिल्या तपासणीत कण मोठे, नापास. पुन्हा उष्णता दिल्यानंतर कण बारीक, उत्तीर्ण. मानेवर दोन ठिपके. सरांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी त्यांनी सही केली, थोडी जास्तच दाबून. गिऱ्हाइकाने फोन करून ठिपक्यांचा अर्थ विचारला, सरांनी सांगितला, आणि माल गेला. शेठ घण चालू ठेवील की नाही ते मला माहीत नाही, बाबांनाही नाही. ते रोज जातात. चुंबक आता पेटीत नसतो, खिशात असतो.

परवा काकू आंबे न्यायला आली होती. बाबांच्या डोळ्यांची तारीख मिळाली आहे, हंगाम संपला की शस्त्रक्रिया, हे आईने तिला सांगितलं. काकूने लगेच आवाज खाली आणला आणि म्हणाली की हे शेडवर कुणाला कळू देऊ नका, माणसाची किंमत जाते. बाबा कॉटखाली वाकून आढी निवडत होते. आता ते आंब्याकडे पाहत नाहीत. नाकाशी नेतात, देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबतात आणि मग ठरवतात, आणि एकही चुकत नाही. ते मान वर न करता म्हणाले, “सगळ्यांका सांगतलंय. लोखंडावर मारून ठेवलंय.”

काकूला काही कळलं नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी उघड्या दारातून गॅलरीकडे पाहत राहिले. संध्याकाळचं ऊन कठड्यावर आलं होतं, शेजारच्या दारातून मसाला चाळल्याचा ठसका येत होता. इतक्या वर्षांपूर्वी याच कठड्याशी उभं राहून हा माणूस सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात काय बोलला होता, आणि मी महिनाभर त्याच्याशी का बोलले नव्हते, ते मला आठवलं. तेव्हाही त्याने काही घासून लपवलं नव्हतं. बाबांनी एक आंबा माझ्या हातात दिला. तो उबदार होता. मी तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून बसले.